आरुशाला गेलेले तंबू

नऊ जून. आज तंबूंवर पाणी मारायचं काम काढलं आहे. बंगळूरबाहेर होसकोट्याला असलेल्या आमच्या शेडमागे मोकळी जागा आहे. तिथे तयार तंबू उभा करायचा, रबरी नळीने शिवणींवर पाण्याचा जोर धरायचा आणि मग आत शिरून, मान वर करून, बोटाने एकेक शिवण चाचपत फिरायचं. बोट ओलं झालं की तिथे खडूची खूण. यासाठी हल्ली यंत्र मिळतं. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी माझी मुलगी त्याचे व्हिडिओ मला पाठवत असते. बोट स्वस्त पडतं, असं मी तिला उलट कळवते. ही खेप टांझानियाला जायची आहे, जहाजाची तारीख ठरली आहे आणि पाऊस कुठल्याही दुपारी येऊ शकतो, त्यामुळे माझं लक्ष सारखं आभाळाकडे.

काल मुलीच्या शेजारची, पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी शेड बघायला आली होती. "काकू, तुम्ही तर प्रॉपर इथल्याच ना? मग मध्येच हे आफ्रिका कुठून आलं?" असं तिने विचारलं. ट्रकवाला दारात उभा होता म्हणून मी "नंतर सांगते" म्हटलं. तंबू वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात लिहून टाकते.

कॉटनपेठेतल्या आमच्या घरात खाली कारखाना होता आणि वर आम्ही. कारखाना हा शब्द मोठा झाला. लांबट, बोळासारखी खोली, भिंतीकडेला जाड कापडाची मशीनं आणि मध्ये गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी. कॅनव्हास टेबलावर मावत नाही, म्हणून बेतणं-कापणं सगळं जमिनीवर मांडी घालून चाले. सकाळचा पहिला आवाज मेण वितळवायच्या स्टोव्हचा. मग कात्रीचा, आणि मग पितळी कड्या ठोकायच्या हातोडीचा, जो दिवसभर थांबत नसे. वर आम्ही जेवायला बसलो की ताटातलं सार त्या ठोक्यांबरोबर थरथरे. आईच्या त्या सारात गोडा मसालाही असे आणि हुळीची, म्हणजे कानडी सांबाराची, पूडही. पुण्याचे पाहुणे ते चाखून "हे काही आपलं नाही हं" म्हणत आणि शेजारचे गौडर तेच वाटीभर मागून नेताना "मराठ्यांकडचं सारू" म्हणत. नाचणीची भाकरी, पिठलं, सोमवारी उप्पिट, आणि सगळ्याला मेणाचा एक वास. घर सोडून दुसरीकडे जेवले की मला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटे. तो वास कमी पडत असे.

माझे वडील, अण्णा, कामगारांशी कन्नडात बोलत, आमच्याशी मराठीत आणि गिऱ्हाइकांशी अर्धवट हिंदीत. तिन्ही भाषांत त्यांचा आवडता शब्द एकच होता, "सरी". ठीक आहे, समजलं, पुरे, चालता हो, या सगळ्याला सरी. मी तेव्हा, म्हणजे चौऱ्याण्णव साली, एकोणीस वर्षांची, बी. कॉम. करत होते. कारखान्याची इंग्रजी पत्रं आणि टेलिफोन माझ्याकडे होता. मला एका जागी बसवत नसे. मी उभ्याने वाचे, उभ्याने जेवे, फोनवर बोलताना वायर पुरेल तितकी येरझारा घाले. "सुमा, पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. स्वल्प बस तरी," आई म्हणे. मी बसे आणि मग माझा गुडघा हलायला लागे.

आमचं काम म्हणजे लग्नाचे मांडव, जत्रेच्या कनाती, लॉरीच्या ताडपत्र्या. आषाढ लागला की लग्नं बंद आणि आमची मशीनंही बंद. शिवणारे लोक फरशीवर खडूने पट काढून चिंचोक्यांनी चौकाबारा खेळत बसत. दर आषाढात त्यांतला एखादा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्यातरी फॅक्टरीत नोकरी धरी आणि परत येत नसे. त्या वर्षी मुनियप्पानेही तिकडे विचारून ठेवल्याचं अण्णांच्या कानावर आलं होतं. मुनियप्पा अण्णांच्या बरोबरीचा, त्यांच्याइतकाच जुना कारागीर. तो गेला असता तर मागे कारखाना म्हणावं असं काही उरलं नसतं. अण्णा हे बोलून दाखवत नसत. फक्त खेळ चालू असताना ते खाली जात नसत.

अशात जयंतीभाई भेटले. हे गृहस्थ आरुशाचे, म्हणजे टांझानियाच्या उत्तरेकडच्या एका गावचे गुजराती व्यापारी. आजोबांपासून तिकडेच. बंगळूरला भाचीच्या लग्नाला आले होते. भर लग्नात वळवाचा पाऊस कोसळला, शेजारच्या हॉलचा मांडव बसला आणि आमच्या मांडवाखाली पंगत शेवटपर्यंत कोरडी उठली. जयंतीभाई जिलबी हातात घेऊन शिवणी बघत फिरत होते. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात हजर. जंगलात पर्यटकांसाठी तंबूंची वसती असते, तिथे ते सामान पुरवायचे. "पहिले थोडे नमुने भेजो," ते म्हणाले. "पसंद पडे तो हर साल आपसे." आणि त्यांना नवे तंबू लागत ते वर्षाअखेर, म्हणजे शिवायचे नेमके आमच्या रिकाम्या आषाढ-श्रावणात. अण्णांनी हे ऐकलं आणि त्या दिवशी दोनदा चहा मागवला.

नमुने मन लावून शिवले गेले. खाकी कॅनव्हास, दुहेरी शिवण, मेण पाजलेला दोरा. आणि सगळं झाल्यावर अण्णांनी स्वतः बसून त्यांना आमची किनार लावली. दाराच्या चौकटीला आणि खालच्या घेराला वीतभर रुंद, गडद निळी पट्टी. आम्ही मुळातले रंगारी. पणजोबांच्या अंगणात निळीचे रांजण होते म्हणे. रंगवणं कधीच संपलं, पण आमच्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक कापडाला निळी किनार असायचीच. गिऱ्हाईक मागत नसे, त्याचे पैसेही लावले जात नसत. जत्रेत लांबून किनार दिसली की लोक म्हणत, हा निळ्यांचा तंबू.

नमुने गेले आणि आमच्या घरात आफ्रिका आली. अण्णांनी शाळेचा मोठा नकाशा आणून मशीनच्या वर लावला आणि शिंप्याची टेप धरून बंगळूर ते आरुशा माप काढलं. जयंतीभाईंनी पाठवलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलं. त्यावर गोरखचिंचेचं अवाढव्य झाड, त्याखाली लाल धुळीने माखलेले हत्ती आणि मागे गवताचा पिवळा माळ. "माती तर आपल्या कोलारसारखीच आहे," आई म्हणाली. तिला आणखी प्रश्न होते. वाघ आहेत का? नाहीत? मग एवढं जंगल घेऊन काय उपयोग? संध्याकाळी रेडिओवर परदेशी स्टेशन लावून मी आफ्रिकेच्या बातम्या ऐकायला लागले. कुठे निवडणूक, कुठे दुष्काळ, कुठे लष्कराने सरकार उलथलेलं. दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांनी पहिल्यांदा मत दिलं तेव्हा अण्णांनी मशीन थांबवून ऐकलं होतं. आणि त्याच दिवसांत रवांडाच्या बातम्या येऊ लागल्या. तिथे माणसं शेजाऱ्यांना मारत होती आणि वाचलेली नदी ओलांडून टांझानियात येत होती. आवाज खरखरत येई, मध्येच लाटेसारखा बुडे आणि मी काटा फिरवत उभी. आई म्हणे, "बंद कर ते. जेवताना ऐकवत नाही." पण बंद केला की तीच विचारी, "पुढे काय झालं त्यांचं?"

रेहेमा आमच्याकडे आली ती पिशवीचा तुटलेला बंद शिवून घ्यायला. हेब्बाळकडे जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती, टांझानियाची, उंच, आणि बसच्या कंडक्टरांकडून शिकलेलं कन्नड बोलणारी. त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्यात "मुंदे होगी", पुढे सरका, असा सूर असे. नकाशा बघून ती थबकली. अण्णांना तर देवच भेटला. ती दर रविवारी यायला लागली. आई तिला कन्नडात विचारी, "एनम्मा, ऊट आयता?" जेवण झालं का? ती म्हणे, "आगिल्ला, अम्मा," नाही झालं, आणि पाट ओढून बसे. नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, तिने असा काही बोटांनी वळून खाल्ला की आई बघतच राहिली. तिच्या घरी मक्याच्या पिठाचा असतो, त्याला उगाली म्हणतात.

मी तिला सिंहांबद्दल विचारून हैराण करत असे. "मी सिंह पाहिला तो तुमच्या बन्नेरघट्ट्याला, तिकीट काढून," ती म्हणाली. "आमच्या गावाकडे गुरं असतात आणि धूळ असते. तू बंगळूरची ना? मग रोज काझीरंग्यातले गेंडे बघत असशील." एकदा आईने "तुमच्या आफ्रिकेत लोक असे एकमेकांना का मारतात गं?" असं विचारलं, तेव्हा ती ताट पुढे सारून उठली आणि अण्णांची टेप घेऊन नकाशाशी गेली. "हे माझं गाव. हे मोरोक्को. आता माझं गाव आणि बंगळूर मोजा." अण्णांनी मोजलं. बंगळूर जवळ निघालं. "मला मोरोक्कोचं काही विचारू नका आणि सगळ्या आफ्रिकेचं तर मुळीच नाही," रेहेमा म्हणाली. मग टेप गुंडाळत, "रवांडाचं विचारा. ते खरंच शेजारी आहेत." आईने तिचं ताट पुन्हा वाढलं.

आषाढ तोंडावर आला. अण्णांनी पुढच्या मागणीच्या आशेवर आणखी काही तंबू शिवून, किनार लावून ठेवले, म्हणजे हो आलं की लगेच पाठवता येतील. मुनियप्पाला ते रोज सांगत, आरुशाचा फोन येईल. मुनियप्पा म्हणे, "बरली," म्हणजे येऊ दे की. मी कॉलेजमधून धावत येई आणि आधी फोन उचलून बघे, चालू आहे ना. आमची लाइन अर्धा वेळ मेलेलीच असे. त्या दिवसांत मी माझी पुस्तकं कुठे ठेवत होते ते मला आठवत नाही. जिन्यावरचे माझे स्वतःचे पाय तेवढे आठवतात, वर, खाली, वर.

फोन आला तो भलताच. जयंतीभाई ओरडत होते. "बेटी, तंबू में मक्खी! मक्खी ही मक्खी!" साधी माशी नाही, चावणारी, जाड कापडातूनही सुई खुपसणारी. त्सेत्से माशी. बाकीच्या तंबूंना इतका त्रास नाही, फक्त आमच्या तंबूंवर झुंडी. पाहुणे दुसऱ्याच दिवशी गाडीत बसून निघून गेले आणि वसतीच्या मॅनेजरने आमचे तंबू गुंडाळून ठेवले. "क्या लगाया है उसमें? मीठा लगाया है?" मी जे ऐकलं ते अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. मला गोड करून सांगता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

पुढचे काही दिवस अण्णांनी मेणाचा पिच्छा पुरवला. मेणात चरबी आहे का, दोऱ्याला चिंचोक्याची खळ लावली तिचा वास येतो का, गोदामात कुणी गूळ ठेवला होता का. स्टोव्हवर वेगवेगळ्या दुकानांतलं मेण वितळत होतं. अण्णा तुकडे गच्चीत टांगून त्यांवर माशा बसतात का बघत होते. बंगळूरच्या माशा कशावरही बसतात. त्यातून काही निघालं नाही. मुनियप्पा हे सगळं बघत होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशात पीण्याचा पत्ता होता. तो मला दिसत होता, कारण शर्ट पातळ होता.

रविवारी ऊन पडलं म्हणून आम्ही शिल्लक तंबूंतला एक तंबू मेणाचा वास घालवायला गच्चीत उभा केला. रेहेमा जेवायला आली आणि वर येऊन दारातच थांबली. किनारीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कोणी लावलं?"

"अण्णांनी. आमच्या घरची खूण आहे ती," मी म्हटलं.

ती हसायला लागली. पाण्याच्या टाकीवर बसली आणि डोळे पुसत हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "माझे वडील जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहेत. ते रानात झाडांना कापडं टांगत फिरतात. दाराएवढी. अर्धं निळं, अर्धं काळं, त्यावर विष. ही माशी निळ्यावर लांबून येते आणि काळ्यावर बसते. तुमच्या तंबूला निळी किनार, आणि उघडं दार बाहेरून बघितलं की काळोख. तिला अजून काय पाहिजे?"

अण्णा तंबूच्या आत होते. ते बाहेर आले. "माशीला रंग कळतो?" त्यांनी कन्नडात विचारलं.

"कळतो, अण्णा. हा तर फारच."

आता हे तिकडे गाइड पहिल्याच दिवशी सांगतात, निळं घालू नका. मी पुढे तारांगिरेच्या जंगलात गेले तेव्हा आमच्या गाडीतला नाशिकचा एक गृहस्थ हट्टाने निळी जीन्स घालून आला आणि दुपारपर्यंत मांड्यांवर थापट्या मारत बसला. पण तेव्हा आम्हाला हे नवं होतं, आणि अण्णा किनार हातात धरून उभे होते. रेहेमाला वाटलं आपण अण्णांना दुखावलं, म्हणून ती आणखी बोलत राहिली. ही माशी चावली की गुरं झुरून मरतात. माणसाला झोपेचा आजार होतो. रानातल्या जनावरांच्या अंगात तोच रोग राहतो, पण त्यांना काही होत नाही. त्यामुळे जिथे माशी तिथे गुरं नाहीत, गुरं नाहीत म्हणून गाव नाही, नांगर नाही. "तुमच्या कॅलेंडरवरचे हत्ती तिने राखलेत. आमच्याकडे तिला शिव्या देतात आणि गोरे लोक तिनेच राखलेलं रान बघायला विमानाने येतात."

"म्हणजे बघा," आई जिन्यातून म्हणाली, ती ताट घ्यायला बोलवायला आली होती, "रंग तुमचा पक्का आहे. गिऱ्हाईक तेवढं चुकलं."

अण्णा हसले नाहीत. किनार अरुंद केली तर? आतल्या बाजूने लावली तर? रंग फिका केला तर? रेहेमा प्रत्येकाला मान हलवत गेली. शेवटी अण्णा म्हणाले, "आमच्या दारातून निळ्याशिवाय तंबू गेलेला नाही. आजोबांच्या वेळेला नाही, वडिलांच्या नाही. बिनकिनारीचा तंबू कुणाचाही असेल. बाजारातला असेल. तो शिवायला मुनियप्पाला पीण्यालाच जाऊ दे की." आणि "सरी" म्हणून खाली गेले. त्या एका शब्दात बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं होतं.

मला किनारीचं प्रेम नव्हतं. मला ती सवयीची होती, हातावरच्या तिळासारखी. खरं सांगायचं तर मला राग येत होता. सगळं जग एवढं मोठं, त्यात हत्ती, नद्या, लढाया, पळणारी माणसं, आणि आमचा दरवाजा त्या जगाकडे उघडण्याऐवजी वीतभर कापडावर अडला होता.

रेहेमा अजून घरात असतानाच, दुपार कलताना जयंतीभाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी ते ओरडत नव्हते. पर्यटकांचं सोडा, ते म्हणाले, पश्चिमेच्या सरहद्दीवर रवांडाहून आलेल्या लोकांची अक्षरशः शहरं वसली आहेत, उघड्या माळावर. आजारी माणसांना ठेवायला, डॉक्टर-नर्सना राहायला तंबू हवेत, आणि नैरोबीचा माल संपला आहे. आमचे गुंडाळलेले तंबू ते लगेच तिकडे पाठवतील, आणि आम्ही आणखी पाठवू शकलो तर पावसाळाभर पुरेल एवढं काम आहे. "लेकिन वहाँ भी वही मक्खी है. मक्खी का इलाज है तो बोलो. कल सुबह फिर फोन करूँगा, हाँ या ना." मी रिसीव्हर ठेवला आणि सगळं सांगितलं. मुनियप्पा रविवार असूनही आला होता. तो कडेला उभा राहून ऐकत होता.

माशी कशामुळे येते ते आम्हाला आता माहीत होतं, आणि किनार काढायची हा इलाजही माहीत होता. मी तो फोनवर बोलले नव्हते, कारण अण्णा समोर उभे होते.

रेहेमाने पिशवी खांद्याला लावली. "अण्णा," ती म्हणाली, "पर्यटक चिडले तर गाडीत बसून जातात. ही माणसं कुठे जाणार?"

अण्णा दोऱ्याची रिळं जागेवर लावत राहिले, आधीच लावलेली होती ती. रात्री जेवताना कुणी रेडिओ लावला नाही. अण्णा नीट जेवले, ताक प्यायले आणि "उद्या बघू" म्हणून उठले. मला त्यांचं "उद्या बघू" माहीत होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं की ते असंच म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी कारखाना उशिरा उघडत. जयंतीभाईंचा फोन वाजून वाजून बंद पडला असता, आणि नाही म्हटल्याचं पाप कुणालाच लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीच्याही आधी गच्चीत गेले. तंबू तसाच उभा होता. तो एकटीने पाडला, पसरला, दाराशी बसले आणि ब्लेडने किनारीचा पहिला टाका कापला. अण्णांची शिवण होती, सहजी सुटणारी नव्हती. दर चार बोटांवर ब्लेड अडे. दाराची एक बाजू मोकळी झाली तेव्हा अण्णा दात घासत वर आले. त्यांनी बघितलं. तोंडातलं दंतमंजन तसंच घेऊन खाली गेले. मग बाहेरचं दार वाजलं आणि मी समजले, गेले. मी कापत राहिले. दाराची दुसरी बाजू, मग खालचा घेर. निळी पट्टी माझ्याशेजारी गुंडाळी होऊन पडत गेली. किनारीखालचं कॅनव्हास नवं कोरं होतं आणि कड उघडी पडून तिचे धागे सुटायला लागले होते. ते बघून मात्र मी घाबरले. कड बांधल्याशिवाय तो तंबू महिनाभरही टिकला नसता, आणि हे मला आधी सुचलं नव्हतं.

अण्णा परत आले ते खांद्यावर खाकी नवारीचं मोठं भेंडोळं घेऊन. बळेपेठेतलं दुकान त्यांनी मालकाला उठवून उघडायला लावलं होतं. भेंडोळं खाली टाकून ते म्हणाले, "उघड्या कडेचा तंबू पाठवणार होतीस?"

"नाही."

"मग काय करणार होतीस?"

त्यांनी कड हातात घेऊन धागे बघितले. "मुनियप्पा आला की लावेल."

"तोवर फोन येईल," मी म्हटलं. "हो म्हणायचं तर एक तरी तयार पाहिजे. नाहीतर कशावर हो म्हणू?"

आम्ही दोघांनी तंबू खाली उतरवला. तोपर्यंत मी त्या मशीनांना तेल घातलं होतं, त्यांच्या शेजारी उभी राहून पत्रं वाचली होती, पण कधी त्यांवर बसले नव्हते. आमच्याकडे मुली हिशेब करत आणि पत्रं लिहीत. मी स्टूल ओढलं आणि बसले. अण्णांनी सुईत दोरा ओवला, नवार कडेवर दुमडून मशीनच्या पायाखाली सरकवली आणि बाजूला झाले. पायडल जड होतं. कॅनव्हास ओढलं तरी सरकेना, सोडलं तर धावे. हातभर शिवण झाल्यावर मी थांबले. नवार नागमोडी गेली होती.

अण्णांनी वाकून बघितलं. "उसव," ते म्हणाले. "आणि परत घाल."

मी उसवलं आणि परत घातलं. फोन वाजला तेव्हा मी उठले नाही, अण्णांना म्हटलं, तुम्हीच घ्या.